पहिल्या कॉफीचे कप

"आज पंप तू लाव," अर्विड बायकोला म्हणाला. "मी नुसता बघतो."

"इतकी वर्षं हात लावू दिला नाहीस, आणि आज एवढा उदार?" मर्ना म्हणाली.

"कंबर धरलीय. शिवाय माझं आता मुकादमी करायचं वय झालं."

ऑक्टोबर सरत आला होता. मिनेसोटाची थंडी अशी मेली, की नळीत घोटभर पाणी राहिलं तरी नळी फोडते. म्हणून दर वर्षी दोघं मिळून कॅम्परमधलं, म्हणजे त्यांच्या त्या चाकांवरच्या घरातलं, सगळं पाणी काढत, नळ्यांत न गोठणारं गुलाबी औषध भरत आणि मेपर्यंत त्याला झाकून ठेवत. मेमध्ये पुन्हा तळ्याकाठी.

मर्नाला येणारा मे दिसणार नव्हता. डॉक्टरांनी परवा स्पष्टच सांगितलं होतं. केस कापायला जाते अशी थाप मारून ती एकटीच गेली होती. अर्विडला सांगायला तिची जीभच रेटेना. ज्याला अंडं धड उकडता येत नाही तो माणूस एकटा राहणार कसा? आताच बघा, पट्टा ढिला पडतो म्हणून त्याला नवं भोक पाडलं होतं त्याने. हल्ली स्वयंपाकात तिचं लक्षच नसायचं.

नळातून गुलाबी धार आली.

"आता बंद कर. आधी गरम नळ, मग थंड. ध्यानात राहील ना?"

"परीक्षा घेणार आहेस का?"

"बॅटरी उचलायला शेजारच्या एल्डनला हाक मारत जा. लाजू नकोस."

"आणि तू?"

"मी आरामात पडून राहणार."

"आळशी कुठला!" ती हसली, आणि तोंड फिरवून तिने डोळे पुसले.

गाद्या, भांडी, डबे, सगळं घरात गेलं. आत राहायचे फक्त दोन कप, त्याचा हिरवा आणि तिचा निळा. मेमध्ये दार उघडलं की आधी त्यांत कॉफी, मग बाकीचं सगळं. ते धुऊन कपाटात पालथे घालायचं काम अर्विडचं.

तो आत गेला, बऱ्याच वेळाने कोटाच्या खिशात हात खुपसून बाहेर आला.

"ठेवले कप. लाव कुलूप."

"फ्रिजचं दार उघडं ठेवलंस? नाहीतर बुरशी धरेल."

"ठेवलं असेल."

"असेल म्हणे! थांब, मीच बघते."

फ्रिज हे निमित्त होतं. मेमध्ये हा एकटा येईल, कपाट उघडेल, आणि तिचा निळा कप बघून तिथेच कोसळेल. तेवढं तरी त्याच्या वाट्याला येऊ नये. कप गुपचूप घरी न्यायचा तिने सकाळीच ठरवलं होतं.

आत तिने कपाट उघडलं.

एकच कप पालथा होता. निळा.