राहिलेला केक

काउंटरपुढे आपली पाळी येईपर्यंत त्याने ते वाक्य पुन्हा एकदा मनात घोळवलं. 'आज तिला राहिलेला केक देऊ नका.' एवढंच म्हणायचं, वाद घालायचा नाही. वाद घालायला अंगात त्राण तरी कुठे होतं? सकाळपासून हॉटेलच्या लाँड्रीत तो गरम रोलरमध्ये चादरी सरकवत होता. ज्या गाद्यांना आपली पाठ जन्मात लागणार नाही, त्यांच्या चादरी. तळहात अजून चुरचुरत होते.

बायको याच दुकानात, आतल्या बाजूला, केकवर नावं लिहायची. अक्षर इतकं देखणं की मालकीणबाई तिच्या हातातला क्रीमचा कोन सुटू देत नसत. ऑर्डर दिलेला एखादा केक न्यायला कोणी फिरकलंच नाही, की तो ती घरी आणायची. सुरुवातीला मोठी मजा यायची. 'काका-काकू, नवीन घर लाभो' असा केक आला, तेव्हा त्या अनोळखी काका-काकूंच्या वतीने दोघांनी मिळून मेणबत्तीवर फुंकर मारली होती. मग कुण्या साहेबांच्या बढतीचा आला. एकदा 'बंड्या, लवकर बरा हो' असाही आला. बंड्याच्या आईबापांना तिने भरपूर नावं ठेवली. "पोर आजारी, आणि यांना केक न्यायची शुद्ध नाही!" तो हसून हसून बेजार झाला होता.

हल्ली हसू यायचं नाही. केक समोर आला की त्याला वाटायचं, चादरी परक्यांच्या, आनंदही परक्यांचा, आणि तोसुद्धा त्यांनी टाकून दिलेला. आपल्या घरात आपलं म्हणून काही होतच नाही. दोघं दमून येतात, जेवतात, पाठ टेकतात. बोलणं म्हणजे 'पाणी भरलंस का' आणि 'दिवा घालव'.

आज लग्नाला तीन वर्षं झाली होती. सकाळी ती काही बोलली नाही, मग तोही गप्प राहिला. आज ती कुणा तिऱ्हाइताचं नाव लिहिलेला केक घेऊन आली, तर आपल्या तोंडून भलतंसलतं निघून जाईल आणि ते मागे घेता येणार नाही, याची त्याला खरोखर भीती वाटत होती. म्हणून सुटल्या सुटल्या तो घरी न जाता इथे आला होता.

"बोला, काय देऊ?" मालकीणबाई म्हणाल्या.

"मी... तुमच्याकडे नावं लिहिते ना, तिचा नवरा."

"अगंबाई! बसा की."

"नको. एक सांगायचं होतं. आज काही राहिला असेल, तर तिला देऊ नका."

"काय राहिला असेल तर?"

"केक. लोक न्यायला येत नाहीत, तो."

मालकीणबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "अहो, घरी पोरं खोळंबलेली असतात. माणसं उशिरा येतात, माझ्याशी भांडतात, पण केक सोडून जातंय कोण? दुकान काढल्यापासून एक राहिलेला नाही."

"मग ती घरी आणते ते?"

"ते तिचे. सगळं आवरल्यावर मागे थांबून करते. मी एकदा म्हटलं, अगं, घरच्या केकवर भलत्यांची नावं कशाला? तर म्हणाली, आमच्या माणसाला स्वतःचं कौतुक सोसत नाही. दुसऱ्याचं राहिलेलं असलं की हसतो आणि दोन घास जास्त खातो."

त्याला एकदम आठवलं. लग्नानंतरचा त्याचा पहिला वाढदिवस. तिने खोलीभर रंगीत पताका लावल्या होत्या. तो कामावरून आला, वर बघितलं, "आपल्याला कशाला ही थेरं?" म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. सकाळी पताका नव्हत्या. ती त्याबद्दल कधी चकार शब्द बोलली नाही, आणि तो तर साफ विसरून गेला होता. साहेबांचा केक आला, त्याच महिन्यात त्याला लाँड्रीत कायम केलं होतं. काका-काकूंचा आला, तेव्हा दोघं नुकतीच आत्याच्या बिऱ्हाडातून बाहेर पडून या दोन खोल्यांत आली होती. आणि बंड्याचा आला तेव्हा रोलरवर भाजलेल्या त्याच्या हाताला कोपरापर्यंत पट्टी होती. त्याच हाताकडे बघत ती बंड्याच्या आईबापांना बोल लावत होती! त्याला स्वतःची लाज वाटली. आणि इतकं बरंही वाटलं, की आता बसावं की उभं राहावं तेच कळेना.

आतलं दार उघडलं. ती बाहेर आली, हातात खोका, केसांना क्रीम लागलेलं. त्याला बघून दचकली.

"अरे, तू इथे?" तिने चोरून मालकीणबाईंकडे पाहिलं. त्या लगबगीने खोके लावायला वळल्या. "बरं झालं आलास. बघ, आजपण एक राहिला."

तिने झाकण उघडलं. 'आजी-आजोबा, लग्नाची पन्नास वर्षं.' डोळे उघडे ठेवणंही जड जात होतं तिला, तरी चेहरा मात्र नेहमीसारखा खट्याळ करून म्हणाली, "पन्नास वर्षं संसार केला, आणि केक न्यायला विसरली बघ म्हातारी माणसं."

त्याने खोका तिच्या हातातून घेतला.

"विसरली नाहीत," तो म्हणाला. "म्हातारा केव्हाचा येऊन थांबलाय. म्हातारीचं आवरलं असेल तर निघू या."