आठव्या दिवसाचं रक्त

“तिसऱ्या दिवशी क्यूब फोडायला आणलास? लाज आहे का काही?”

मास्तरांनी काँक्रीटचा चौकोनी ठोकळा टेबलावर आदळला. ठेकेदार दोन पावलं मागे सरकला. बांधकामावरच्या त्या पत्र्याच्या खोलीत हा तमाशा नेहमीचा होता. ठेकेदाराला स्लॅबखालचे टेकू काढायची घाई. आणि मास्तर काँक्रीटला पुरती ताकद यायचे अठ्ठावीस दिवस भरल्याशिवाय क्यूब तपासणीच्या यंत्राखाली घेत नसत. पाठीमागे लोक त्यांना ‘अठ्ठावीस’च म्हणत.

“अहो मास्तर, बघा तरी. निदान आकडा कळेल.”

“डोंबल कळेल! वेळेआधी घेतलेला आकडा हा आकडाच नसतो. त्यावर निर्णय घेणारा माणूस एक तर गाढव असतो, नाहीतर…”

मास्तर थांबले.

त्यांच्या शर्टाच्या खिशात चार दिवसांपासून एक आकडा होता. एकवीस. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या ग्रंथीतून रक्तात उतरणारं द्रव्य. ते वाढलं की डॉक्टर कर्करोगाची शंका घेतात. आधी ते साडेसहा होतं, म्हणून बायोप्सी केली. सुईने बारा तुकडे काढले. बाराही स्वच्छ निघाले. घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला, आणि मग रक्ताचा हा नवा कागद आला. तरुण डॉक्टर पडद्यावरून नजर न हलवता म्हणाला होता, “तिप्पट झालाय. म्हणजे आत कुठेतरी लपलाय. शुक्रवारी पुन्हा बायोप्सी. या वेळी भूल देऊन, दुप्पट तुकडे.” पहिल्या खेपेला आठवडाभर लघवीतून रक्त गेलं होतं. तरी मास्तरांनी मुकाट्याने सही केली. जन्मात कधी न वाचता सही न करणाऱ्या माणसाने.

भीतीने माणसाची अक्कल चरायला जाते, ती अशी.

त्यांनी खिशातले दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. बायोप्सी, चार तारीख. रक्त, बारा तारीख.

“मास्तर, काय झालं? बरं वाटत नाही का?”

“मी गाढव आहे,” मास्तर म्हणाले आणि बायकोला फोन लावला. “आहेस तशी निघ. दवाखान्यात ये.”

तासाभरात दोघं डॉक्टरसमोर होते. मास्तरांच्या बुटांचं सिमेंट पांढऱ्या फरशीवर उमटलं होतं. बसायला कोणी सांगितलं नव्हतं, तरी ते बसले.

“बारा सुया मारल्यावर ग्रंथी सुजते की नाही?”

“सुजते.”

“सुजली की हा आकडा चढतो की नाही?”

“चढू शकतो.”

“किती दिवस?”

डॉक्टरने पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. “सहा आठवडे. कधी आठ.”

“मग आठव्या दिवशी रक्त कोणाच्या अकलेने काढलंत?”

“इथली पद्धतच आहे तशी. आठवड्याने दाखवायला आले की सगळ्यांचंच काढतात.”

“घरी दुधाच्या पिशवीवरची तारीख दोनदा वाचतात,” बायको पदराने डोळे पुसत म्हणाली, “आणि स्वतःच्या रक्ताची तारीख बघायला ह्यांना चार दिवस लागले.”

डॉक्टरने शुक्रवारच्या यादीतलं नाव खोडलं. “होतं असं कधीकधी,” तो म्हणाला. “दोन महिन्यांनी पुन्हा बघू.”

दोन महिने मास्तर थांबले. थांबणं त्यांना कोणी शिकवायला नको होतं. तरी रक्त देऊन आल्यावर दुपारचं जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरने कागद स्वतः त्यांच्या हातात दिला. पाच पूर्णांक एक. आधीपेक्षाही खाली. बायकोने तो आकडा तीनदा वाचला आणि भर दवाखान्यात नवऱ्याच्या पाठीत धपाटा घातला.

“अभिनंदन, काका,” डॉक्टर हसून म्हणाला. “आता सहा महिन्यांनी या.”

मास्तर उठले नाहीत.

“त्या शुक्रवारच्या यादीत आणखी किती जण होते?”

डॉक्टरचं हसू ओसरलं. “नऊ. तुम्ही गेल्यावर मी सगळ्यांच्या तारखा तपासल्या. सहा जणांची बायोप्सी थांबवली.”

“त्यांना काय सांगितलंत?”

“यंत्र बिघडलंय. दुरुस्त झालं की कळवू.”

“म्हणजे दोन महिने सहा माणसं घरात मरणाची वाट बघत बसलीत. यंत्र कधी दुरुस्त होतंय, म्हणून!”

“काका, दवाखान्याचं नाव खराब होतं. वरचे लोक…”

“अहो, चला ना आता,” बायको हळूच म्हणाली. “आपलं झालं ना?”

“आपलं झालं. तू बस.” मास्तरांनी टेबलावरचा फोन उचलून डॉक्टरसमोर ठेवला. आवाज चढवला नाही. ठेकेदार असता तर हा आवाज ऐकून जास्तच घाबरला असता. “लावा. सहाही जणांना. मी इथेच बसलोय.”

डॉक्टर फोनकडे बघत राहिला. मग दाराकडे. दारात नर्स सगळं ऐकत उभी होती. तिने सहा फायली आणून त्याच्यापुढे ठेवल्या, वरची उघडली आणि नंबरावर बोट ठेवलं.

पलीकडे घंटा वाजली. कोणीतरी दचकून ‘हॅलो’ म्हणालं.

“आजोबा, दवाखान्यातून डॉक्टर बोलतोय,” तो म्हणाला. “यंत्र बिघडलेलं नव्हतं. चूक आमची होती.”