तिसरी गाठ

सोलापूर मागं पडून गाडी पुणे रस्त्याला लागली तरी अजिंक्यनं एसी लावू दिला नाही. एप्रिलची भर दुपार, डांबर पाघळायला आलेलं, आणि हा म्हणतो, "काचा उघड की ताई, वारं लई झ्याक हाय."

उत्कर्षा स्टिअरिंग आवळून बसली होती. मोडनिंबच्या शाळेत ती शिक्षिका. सात वर्षं सोलापूरहून एसटीत उभ्यानं जाऊन येऊन पोटऱ्यांच्या शिरा निळ्या पडलेल्या. शेवटी नवी इलेक्ट्रिक गाडी बुक केली, तर भाऊ आडवा आला. नवीला कशाला मरतीस, निम्म्यात वापरलेली देतो, एका डॉक्टरीणबाईची, घर ते दवाखाना एवढीच फिरलेली. आता ती तीच गाडी चालवून बघत होती. आज पाचच्या आत नवीचं बुकिंग रद्द केलं तरच भरलेली रक्कम परत मिळणार होती.

मागच्या सीटवर बजाबाई, दोघांची आई. तिच्या बाजूची काच खाली येईना. बटण दाबून दाबून बोट दुखलं.

"वरनं तळहातानं रेट आये, मग उतरतीया," अजिंक्य मागं न बघताच म्हणाला.

तिनं रेटलं. काच उतरली.

"मीबी आज पयल्यांदाच बसलोय हिच्यात," तो बहिणीला सांगत होता. "आवाज हाय का कुटं? लोण्यागत चालतीय बघ."

बजाबाई त्याच्या मानेकडं बघत राहिली. पोटच्या पोराबद्दल तसलं काही मनात आणायचं म्हणजे आधी स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावी लागते.

सावळेश्वरचा टोलनाका दिसायला लागला. निघताना शंभर टक्के भरलेली बॅटरी सत्तरवर आली होती.

"अजू, अशानं मी शाळेला पोचेन. पण परत कशी येऊ?"

"तुजाच पाय जड हाय ताई. पोरांवर छडी उगारल्यागत दाबतीस. आन नव्या गाडीचं मीटरबी असंच येडं असतंय. चार दिवस जाऊ दे, बसतंय ठिकाणावर."

उत्कर्षा हसली. भावानं सांगितलं, विषय मिटला. चहाच्या टपरीजवळ लिंबाखाली तिनं गाडी उभी केली आणि शोरूमला फोन लावला.

बजाबाईनं पानाची चंची ठेवायला पुढच्या सीटमागच्या कप्प्यात हात घातला. हाताला पुरचुंडी लागली. हिरव्या इरकलीची चिंधी, तिला तीन गाठी, तिसरी उलटी.

तशी गाठ घरात दुसरं कुणी मारत नव्हतं. चिंधी तिच्याच लुगड्याची. आत सिद्धरामेश्वराचा अंगारा. दोन वर्षांमागं गड्ड्याच्या जत्रेत तिनं ती अजिंक्यच्या हातात ठेवली होती, नव्या धंद्यात असू दे म्हणून. धंदा कसला, ते त्यानं सांगितलं नव्हतं. त्याच महिन्यात उत्कर्षानं रानातला आपला हिस्सा भावाला लिहून दिला होता. सही करताना पोरीचा हात थबकला, तेव्हा बजाबाईच म्हणाली होती, "कर गं. भाऊ हाय तुजा. टाकतोय व्हय तुला?"

"हॅलो, मला ते बुकिंग रद्द—"

"थांब उत्कर्षे."

"आये, मधी बोलू नगं," अजिंक्य वळला. "तुला गाड्यातलं काय कळतंय?"

"गाड्यातलं न्हाय कळत." बजाबाईनं वाकून पुरचुंडी दोघांच्या मधे ठेवली. "ही गाठ कळती. गड्ड्याला तुला दिल्याली. डाक्टरीणबाईच्या गाडीत कशी आली?"

अजिंक्यनं पुरचुंडी बघितली.

"तिचीच हाय की गाडी. कागदाला नाव तिचंच हाय अजून," तो म्हणाला. "मी घेतल्याली तिच्याकडनं. भाड्यानं फिरीवली. तुळजापूर, अक्कलकोट, दिसाला चार चार फेऱ्या. बॅटरी बसली."

"मग माझ्या गळ्यात कशाला घालत होतास रे?" उत्कर्षाचा आवाज चढलासुद्धा नाही.

"मग कुणाच्या गळ्यात घालू? भाइरच्याला इकली असती तर त्यानं गचांडी धरली असती माजी. तू काय केलं असतंस? चार दिवस रुसली असतीस. राखीला आलीच असतीस की."

हे तो अगदी मनापासून बोलला. शरम नव्हती, उलट एवढी साधी गोष्ट कळत नाही म्हणून थोडा वैतागच होता.

"मॅडम?" फोनमधून बाई विचारत होती. "रद्द करायचंय की ठेवायचंय?"

"ठेवा," उत्कर्षा म्हणाली. किल्ली भावाच्या मांडीवर टाकून ती खाली उतरली आणि रस्त्याच्या कडेला एसटीची वाट बघत उन्हात उभी राहिली.

बजाबाई पुरचुंडी घेऊन तिच्यामागं गेली. मागून अजिंक्य ओरडत होता, "आये, बस की गाडीत! ऊन लई हाय!" तिनं वळून बघितलं नाही. तिथंच उभ्या उभ्या तिनं गाठी सोडल्या, अंगारा कडेच्या धुळीत झटकला, चिंधी पदराला पुसली.

"नव्या गाडीला नवा अंगारा आणीन," ती म्हणाली. "ह्यातच बांधून दीन. तुजी गाडी लई—"

"नको."

"अगं, देवाचं हाय."

"देवाचं नको म्हणत नाही मी, आई." उत्कर्षा रस्त्याकडंच बघत होती. "सही कर म्हणून तूच सांगितलं होतंस. माझ्या गाडीत तुझी गाठ नको."

लांबून लाल एसटी दिसली. उत्कर्षानं हात केला. बजाबाईची बोटं सवयीनं चिंधीला गाठ मारत होती. दोन मारून झाल्या. तिसरीला बोटं उलटी वळली, आणि तिथंच राहिली.