लुवेनियाचा नियम

लुवेनियाच्या पर्समध्ये राजीनामा होता. हा चौथा. आधीचे तीन तिने घरी परत नेऊन फाडले होते.

"आलात! झाला बाई कोरम!" अध्यक्ष गेलबाईंनी टाळी वाजवली आणि तिच्या ताटलीत लिंबाच्या दोन वड्या ठेवल्या. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत शहराच्या वंशसमता समितीचे आठ जण बसले होते. आठही गोरे आणि आठही भले. तिथंच तर घोडं पेंड खात होतं. वाईट माणसांना सोडून जायला काय लागतं?

नियम मात्र लुवेनियाचाच. दहा वर्षांपूर्वी तिने टेबलावर हात आपटून तो लिहून घेतला होता: एकही काळा सभासद हजर नसेल तर सभा भरायची नाही, ठराव करायचा नाही. तेव्हा तिला धरून काळी माणसं चार होती. एक वारले, एक मुलाकडे मिलवॉकीला गेली, आणि कर्टिसने गुडघ्यांचं निमित्त काढलं. तोच कर्टिस दर रविवारी चर्चमध्ये तासभर उभ्याने गातो. राहिली लुवेनिया. ती उठली की सभा बंद, आणि सभा बंद म्हणजे समितीचा शनिवारचा फुकटचा वकील बंद. गेल्याच महिन्यात त्या वकिलाने तीन लेकरांच्या एका आईला घरमालक घराबाहेर काढत असताना वाचवलं होतं.

आणि तिकडे मिसिसिपीत तिची थोरली बहीण अर्लीन अर्धांगाने अंथरुणाला खिळली होती. काल फोनवर बोबड्या आवाजात म्हणाली, "तुझी खोली झाडून ठेवायला लावलीय गं. मी तुला ओळखतेय तोवर ये म्हणजे झालं." लुवेनियाचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता.

गेलबाई हजेरी घेणार, तेवढ्यात दार उघडलं. दारात एक काळी मुलगी उभी होती. इस्पितळातले निळे कपडे, हातात समितीचं पत्रक.

"इथं माहिती मिळते ना? मी ताविया. नर्स आहे, गावात येऊन तीनच आठवडे झालेत. मला एवढंच विचारायचं होतं, आपल्या काळ्या लोकांच्या केसांच्या बारीक वेण्या इथं कोण घालून देतं?"

आठ माना एकदम वळल्या. त्या आठ चेहऱ्यांवरचा आनंद लुवेनियाच्या चांगला ओळखीचा होता.

"अगदी योग्य जागी आलात!" गेलबाईंनी खुर्ची ओढली. "इतका महत्त्वाचा विषय, आणि आम्हाला कसा सुचला नाही? उपसमितीच नेमू या. बसा ना, बसा. जूनच्या मेळाव्यात तुमचा अनुभव सांगाल का? आणि सभासदाची एक जागाही रिकामी आहे."

"नाही, मी फक्त वेण्यांचं..."

एकीकडून वडी आली, दुसरीकडून फॉर्म आला, कुणीतरी पेनही दिलं. पोरगी मर्यादशील होती. एवढ्या गोड माणसांना नाही कसं म्हणायचं ते तिला कळेना. ती नाव लिहायला लागली.

लुवेनियाने पर्स जवळ ओढली. हिची एक सही, की परवाच्या गाडीने आपण अर्लीनकडे. तिने पर्सची चेन उघडलीसुद्धा. लिही गं बाई, लवकर लिही.

तावियाने मान वर केली आणि लुवेनियाच्या छातीवरची नावाची चिठ्ठी वाचली. "मिस लुवेनिया, तुम्ही आहात ना यात? मग मला काळजी नाही." आणि पुन्हा खाली वाकून पत्ता लिहू लागली.

लुवेनियाने पर्स बंद केली.

"पेन ठेव, पोरी. चल, वेण्यांचं तुला बाहेर सांगते."

बाहेरच्या पॅसेजमध्ये तिने मुलीचा दंड धरला. "वेण्या घालणारं गावात कुणी नाही. मी घालीन. रविवारी चर्च सुटलं की माझ्या स्वयंपाकघरात ये. इथं मात्र पुन्हा पाऊल टाकायचं नाही."

"का? चांगली माणसं वाटली मला."

"फार चांगली आहेत. वय काय गं तुझं?"

"चोवीस."

"मी इथं आले तेव्हा अठ्ठावन्नची होते, तरी मला उठता आलं नाही. तुझं तर सगळं आयुष्य घेतील, वर वडी देतील. पळ."

ताविया हसली. तिला ती थट्टाच वाटली.

लुवेनिया आत आली, अर्धवट भरलेला फॉर्म उचलून तिने घडी घातली.

"गेली?" गेलबाईंचा चेहरा पडला. "पुढच्या महिन्यात येईल ना?"

"नाही यायची. रात्रपाळी असते तिला."

"अरेरे! बरं, तुम्हाला आज काही सांगायचं होतं ना? फोनवर म्हणाला होतात."

"राहू दे. घ्या हजेरी."

हजेरी सुरू झाली. खिडकीतून मावळतीचं ऊन थेट टेबलावर येत होतं. खाली गाडीपाशी ताविया अजून उभी होती, हातातलं पत्रक पुन्हा वाचत होती. तिने वर पाहिलं. लुवेनिया दिसताच हात उंचावला आणि वाचनालयाच्या दाराकडे बोट दाखवून खुणेनेच विचारलं, येऊ का?

लुवेनियाला वाटलं, येऊ दे. एकदा, एकदाच येऊ दे हिला, देवा.

मग ती उठली आणि तिने पडदा ओढून घेतला.

"बरं केलंत हो," गेलबाई म्हणाल्या. "कधीचं डोळ्यांवर येत होतं."