चालतंय की!

"काका, कुबड्यांवर भागतं का?" नागपूरहून बदलून आलेल्या डॉक्टरांनी अपंगत्वाच्या दाखल्याच्या तपासणीसाठी स्पीकरफोनवर विचारलं.

"चालतंय की!" जमिनीवर बसलेले पप्पा नेहमीसारखे म्हणाले.

"चालता येतं, लिहितो."

दाखला गेला, तर त्यावर मिळणारी तीनचाकी सायकलही गेली! मी फोन हिसकावला. "डॉक्टर, कोल्हापुरात 'चालतंय' म्हणजे 'हरकत नाही' हो! त्यांचे पाय हलतसुद्धा नाहीत."

"बाळा, फोनवर पाय कसे दिसणार मला?"

"मग ऐका!" मी फोन फरशीवर ठेवला. "पप्पा, दारापर्यंत या की, प्लीज!" पप्पा हातांवर फरफटत, धापा टाकत आले.

"पुरे, थांबवा त्यांना!" डॉक्टरांचा आवाज उतरला. "खोडतो मी. गुरुवारी घरी येऊन तपासलं तर चालेल, काका?"

पप्पांनी घाम पुसला. "चालतंय की!"