शेजारच्या खाटेवरची

ध्यानाच्या शिबिरात मौन सक्तीचं होतं. कुणाकडे मान वर करून बघायचीही मनाई, त्यामुळे शेजारच्या खाटेवरच्या बाईची मला फक्त पावलं ओळखीची होती.

एका दुपारी ती झोपेत बोलली. वर्गात ओरडून ओरडून बसलेला, घोगरा आवाज. माझाच.

"चिमणे, डबा घेतलास का गं?"

माझ्या लेकीला मी रोज हेच विचारते.

मी तडक सेविकेकडे गेले. तोंड उघडणार, तोच तिने ओठांवर बोट ठेवलं. मला घरी जायचंय, असं मी खुणेने सांगितलं. तिने हसून माझा हात धरला आणि मला खोलीत आणून सोडलं.

मग रोजच ती बोलू लागली. माझं हसणं, नवऱ्याला मारलेले माझे टोमणे. मी नियम पाळून ऐकत पडायचे.

शेवटच्या सकाळी तिची खाट रिकामी होती. मौन सुटलं, फोन परत मिळाले. मी घरी लावला.

"चिमणे, निघतेय गं मी."

माझा आवाज गोड आला, कुणा परकीचा.

"काकू, आईचा फोन तुमच्याकडे राहिला का? ती मघाशीच आली. थांबा, देते."

पलीकडे कुणीतरी घसा खाकरला.

"बोला ना," घोगरा आवाज म्हणाला. "आता बोललं तरी चालतं."