मनगटावरचा गोरा पट्टा

गवंडीकाकांनी जन्मात घड्याळ घातलं नव्हतं. होणाऱ्या जावयासाठी जुनं, चावीचं घड्याळ घ्यायला ते लेकीसोबत दुकानात आले होते. निघताना बायकोने दारातून बजावलं होतं, "पारखून घ्या हो. भाव केल्याशिवाय मान डोलवू नका."

दुकानदाराने पुढे केलेल्या घड्याळाची तबकडी मूळचीच होती, पण झाकणाला आतून गंज होता.

"गंजाचे पैसे कापा," काका म्हणाले.

"कापतो की! आधी घालून तर बघा," दुकानदार हसला. "घड्याळ नि जावई, जवळ आल्याशिवाय कळत नाहीत."

काकांनी घड्याळ हाताला बांधलं, कानाशी नेलं आणि लगेच काढलं.

उन्हाने रापलेल्या मनगटावर घड्याळाएवढा गोरा पट्टा उमटला होता, वर्षानुवर्षं ऊन न लागलेला. त्यांनी थुंकी लावून चोळला. तो गेला नाही.

"अहो, हे बघा... हे आत्ता..." त्यांनी मनगट दुकानदारापुढे धरलं.

दुकानदाराने घड्याळ भिंगाखाली धरलं. "गंज आहे, काका. विकायचं तर जास्त नाही मिळणार."

लेकीने त्यांचा दंड धरला. तिचे डोळे भरले होते.

"बाबा, नका ना विकू. आईची तेवढीच आठवण उरलीय."